शंभर गुणांचे न सापडणारे पान

शोधयंत्राला, म्हणजे सर्च इंजिनला, महाजालावरचे पान माणसाच्या डोळ्यांनी दिसत नाही. गूगलसारख्या यंत्रणेचा क्रॉलर, म्हणजे एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने गोळा करणारी स्वयंचलित प्रणाली, पानाच्या मागे असलेली एचटीएमएल ही खुणांची भाषा वाचतो, तिच्यातील शीर्षक, मजकूर, चित्रे आणि दुवे यांची नोंद एका प्रचंड सूचीत केली जाते, आणि कोणी शोधाच्या चौकटीत काही शब्द टंकले की त्या सूचीतून योग्य वाटणारी पाने निवडून क्रमाने मांडली जातात. पानाला भेट, सूचीत नोंद आणि उत्तरात मांडणी असे हे तीन टप्पे असून पहिल्या दोहोंपैकी एखाद्या टप्प्यावर अडखळलेले पान तिसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, मग त्यातील मजकूर कितीही मोलाचा असो. आपले पान या वाटेवर नेमके कोठे अडते हे संकेतस्थळाच्या मालकाला सांगण्याचा प्रयत्न जी साधने करतात, त्यांना ऑडिट साधने म्हटले जाते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी विकसित केलेल्या आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगल कंपनीचा पाया ठरलेल्या पेजरँक या पद्धतीत, एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने दुवे देतात यावरून त्या पानाचे वजन ठरत असे. इतरांनी दिलेले दुवे ही पानाबाहेरची बाजू झाली आणि तिच्यावर मालकाचे नियंत्रण थोडेच असते. पानाचे शीर्षक, मजकूर, उपशीर्षके, चित्रांची वर्णने, अंतर्गत दुवे आणि पानाचा पत्ता ही मात्र पूर्णपणे त्याच्या हातातली बाजू होय, आणि ती नीट करण्याच्या कामाला ऑन-पेज एसईओ, म्हणजे पानावरील शोधसुधारणा, असे नाव आहे. या क्षेत्रात आरंभी अंदाज आणि क्लृप्त्या यांचेच राज्य होते. मेटा कीवर्ड नावाच्या, वाचकाला न दिसणाऱ्या एका चौकटीत शेकडो शब्द कोंबण्याची प्रथा इतकी बोकाळली, की शोधयंत्रांचा त्या चौकटीवरचा विश्वासच उडाला आणि महाजालावरील शोधात क्रम ठरवताना तिचा वापर होत नाही हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये उघडपणे सांगितले. तरीही ही चौकट रिकामी दिसताच दोष नोंदवणारे एखादे साधन आजही भेटते, आणि तसे साधन भेटल्यास त्याच्या उरलेल्या अहवालाकडेही सावधपणे पाहिलेले बरे.

सर्वसामान्य माणसाला विनामूल्य आणि सहज मिळणारे साधन म्हणजे गूगलचेच लाइटहाउस. २०१६ मध्ये आलेले हे मुक्त स्रोत साधन पुढच्या वर्षी क्रोम ब्राउझरमधील विकासकांच्या खिडकीत समाविष्ट झाले आणि २०१८ च्या आरंभी त्यात शोधसुधारणेच्या तपासणीचा स्वतंत्र विभाग आला. संगणकावरील क्रोममध्ये पान उघडावे, माउसचे उजवे बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ हा पर्याय निवडावा आणि वरच्या पट्टीतील ‘लाइटहाउस’वर जाऊन तपासणी सुरू करावी, एवढाच त्याचा विधी आहे, मिनिटभरात प्रत्येक विभागाला शंभरपैकी गुण मिळतात, त्यांत ४९ पर्यंतचे लाल, ५० ते ८९ नारिंगी आणि ९० पासून पुढचे हिरव्या रंगात दाखवले जातात. रंगांची ही योजना समजायला सोपी असली तरी तिच्यामुळेच बहुतेक मालकांची नजर गुणांवर खिळते आणि गुणांखालची यादी, जिच्यात खरे काम असते, ती वाचायची राहून जाते.

शोधसुधारणेच्या विभागातील कसोट्या दहाच्या आसपास आहेत. पानाला शीर्षक आहे का, पानाचे संक्षिप्त वर्णन म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन दिलेले आहे का, सर्व्हरने पान सापडल्याचा संकेत दिला की ‘४०४’ म्हणजे पान नसल्याचा, पानाला सूचीबाहेर ठेवण्याची एखादी सूचना चुकून राहिली आहे का, दुव्यांवरील शब्द काही अर्थ सांगतात की नुसते ‘येथे क्लिक करा’च्या जातीचे आहेत, चित्रांना पर्यायी मजकूर जोडलेला आहे का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असून त्यांची उत्तरे यंत्राला हो किंवा नाही अशी देता येतात. शोधातील क्रमावर परिणाम करणाऱ्या अनेक गोष्टी या गुणांत मोजलेल्या नाहीत, अशी कबुली हे साधन स्वतःच अहवालात देते.

ही कबुली गांभीर्याने घेण्याचे कारण असे की साधन गोष्टीचे असणे तपासते, तिचा कस तपासत नाही. चित्राचा पर्यायी मजकूर, ज्याला आल्ट टेक्स्ट म्हणतात, हा दृष्टिहीन वाचकाच्या वाचनप्रणालीसाठी आणि शोधयंत्रासाठी चित्राची ओळख म्हणून द्यायचा असतो. पण त्या जागी कॅमेऱ्याने दिलेला फाइल-क्रमांक टाकला तरी कसोटी पार पडते. शीर्षकाच्या जागी केवळ ‘मुख्यपृष्ठ’ एवढाच शब्द असला तरी शीर्षक आहे, म्हणून गुण मिळतात. लाइटहाउसच्याच सुगम्यता विभागाबाबत, म्हणजे अपंग व्यक्तींना पान वापरता येते का हे पाहणाऱ्या तपासणीबाबत, व्हिएन्नास्थित वेब-विकासक मॅन्युएल माटुझोविच यांनी २०१९ मध्ये एक बोलका प्रयोग केला होता. कोणालाही वापरता येणार नाही असे पान त्यांनी हेतुपुरस्सर रचले आणि तरीही त्याला शंभरपैकी शंभर गुण मिळवून दाखवले. यावरून साधन निरुपयोगी ठरत नाही, कारण कमी गुण जवळजवळ नेहमी खरा दोष दाखवतात. पूर्ण गुण मात्र पान चांगले असल्याची ग्वाही देत नाहीत. अहवालाची साक्ष अशी एकाच दिशेने चालते, आणि ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ खर्च वाया जातो.

अहवाल हाती आल्यावर दोष ज्या क्रमाने छापले असतील त्या क्रमाने दुरुस्त करत जाणे ही सार्वत्रिक सवय असली तरी शहाणपणाची नाही, कारण सर्व दोष सारख्या वजनाचे नसतात. पहिला प्रश्न नेहमी एकच असावा, तो म्हणजे पान सूचीत आहे का. संकेतस्थळ घडत असताना ते अर्धवट अवस्थेत शोधात दिसू नये म्हणून ‘नोइंडेक्स’ ही, म्हणजे नोंद न घेण्याची, सूचना पानांना जोडली जाते, वर्डप्रेससारख्या प्रणालीत तर ती एका चौकटीत खूण करून देता येते, आणि स्थळ लोकांसाठी खुले झाल्यावर ती खूण काढायची राहून जाते. महिनोन्‌महिने मजकूर सुधारत बसलेल्या मालकाचे सगळे श्रम या एका खुणेपायी अदृश्य राहतात. हिच्या जोडीला रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल असते. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेला आणि २०२२ मध्ये अधिकृत इंटरनेट मानकाच्या मार्गावर आलेला हा एक संकेत असून क्रॉलरने स्थळाच्या कोणत्या भागात येऊ नये हे त्यात लिहिलेले असते. या दोन सूचना सारख्याच वाटल्या तरी त्यांचा मेळ विचित्र आहे. एखादे पान सूचीतून काढायचे म्हणून त्यावर ‘नोइंडेक्स’ लावले आणि वर खबरदारी म्हणून त्याच पानाला रोबोट्सच्या फाइलमध्येही मज्जाव केला, तर क्रॉलर पानात शिरतच नाही, शिरत नाही म्हणून आतील सूचना त्याला दिसत नाही, आणि इतर ठिकाणच्या दुव्यांवरून पत्ता माहीत असल्यामुळे ते पान सूचीत तसेच राहू शकते.

लाइटहाउस एका वेळी एकच पान पाहते, त्यामुळे पानापानांतील परस्परसंबंधांचे दोष त्याला दिसत नाहीत. त्यासाठी स्वतः क्रॉलरसारखे वागून संपूर्ण स्थळ पिंजून काढणारी साधने वापरावी लागतात. इंग्लंडमधील स्क्रीमिंग फ्रॉग या कंपनीचे एसईओ स्पायडर हे त्यांतील प्रसिद्ध साधन असून त्याची विनामूल्य आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत तपासणी करते, म्हणजे लहान दुकान, शाळा, ग्रंथालय किंवा पाक्षिक यांच्या स्थळाला ती सहसा पुरते. तुटलेले दुवे, एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे आणि तेथून तिसऱ्याकडे धाडणाऱ्या साखळ्या आणि पुष्कळदा आढळणारा दोष म्हणजे अनेक पानांना दिलेले एकच शीर्षक, हे सगळे येथे कोष्टकात समोर येते. एकच मजकूर वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसत असेल, उदाहरणार्थ किमतीनुसार लावलेली यादी आणि नावानुसार लावलेली यादी, तर त्यांतील मुख्य पत्ता कोणता हे सांगण्यासाठी ‘कॅनॉनिकल’ नावाची खूण वापरतात; गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये ती एकत्रितपणे स्वीकारली. या खुणेचा नेहमीचा गोंधळ असा, की साच्यातील चुकीमुळे सर्व पानांवर मुख्यपृष्ठाचाच पत्ता मुख्य म्हणून लिहिला जातो, मग खूण आहे म्हणून काही साधने समाधान मानतात आणि शोधयंत्राला मात्र सारे स्थळ एकाच पानाच्या प्रती असल्याचे सांगितले जाते.

पान सूचीत आहे याची खात्री पटल्यावर शीर्षकाकडे वळावे, कारण पानावरील सुधारणांपैकी इतक्या थोड्या श्रमात इतका परिणाम क्वचितच दुसऱ्या कशाने साधतो. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील एका बागायतदाराचे आंबाविक्रीचे स्थळ आहे आणि त्याच्या सर्व पानांचे शीर्षक बागेचे नाव आणि ‘आपले सहर्ष स्वागत’ एवढेच आहे. ज्याला ती बाग आधीपासून ठाऊक आहे तोच हे नाव टंकणार. ज्याला ठाऊक नाही तो हापूसची पेटी, तिचा दर, घरपोच पाठवणी, कार्बाइड न वापरता अढीत पिकवलेला आंबा असे काहीतरी शोधणार, आणि यांतील एकही शब्द शीर्षकात नाही. साधन येथे ‘शीर्षक फार आखूड’ किंवा ‘शीर्षकांची पुनरावृत्ती’ एवढेच सांगेल. शीर्षकात काय लिहावे हे सांगण्यासाठी गिऱ्हाईक दूरध्वनीवर पहिला प्रश्न कोणता विचारते हे माहीत असावे लागते, आणि ते बागायतदारालाच माहीत असते. मेटा वर्णनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळींसाठी ते पुष्कळदा वापरले जाते, त्यामुळे क्रम वाढत नसला तरी निकाल पाहणारा माणूस दुव्यावर बोट ठेवतो की पुढे सरकतो हे त्यावर ठरू शकते. पेटीत किती डझन फळे, पाठवणी कोणत्या महिन्यांत, बाग कोणत्या तालुक्यात, २०१८ मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापुसाला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता असल्यास तसा उल्लेख, एवढी माहिती तेथे सुखाने मावते. शोधयंत्र मात्र मालकाने दिलेले शीर्षक आणि वर्णन जसेच्या तसे दाखवण्यास बांधलेले नाही. पानावरच्या ठळक मथळ्यातून किंवा मजकुरातून ते स्वतःचे शीर्षक रचू शकते, आणि तसे वारंवार घडत असेल तर शीर्षक आणि पान यांचा सांधा कोठेतरी जुळलेला नाही असे समजावे.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेतील पानाला लागू आहे, परंतु मराठी पानांचे ऑडिट करताना एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, तो असा की या साधनांच्या मोजपट्ट्या प्रामुख्याने इंग्रजी मजकूर समोर ठेवून आखलेल्या आहेत. शीर्षक साठ अक्षरांच्या आत असावे हा सल्ला अनेक साधने देतात. मुळात शोधयंत्राने असा कोणताही आकडा ठरवून दिलेला नाही, निकालाच्या पट्टीत जेवढी रुंदी मावेल तेवढे शीर्षक दिसते आणि उरलेले कापले जाते. आणि देवनागरीत तर अक्षर मोजायचे कसे हाच मुद्दा आहे. ‘रत्नागिरी’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात, पण युनिकोड या जागतिक लिपी-संकेतावलीत व्यंजन, मात्रा आणि हलन्ताची खूण यांना स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे तेथे त्याचे नऊ घटक होतात, आणि महाजालावर सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट व्यापत असल्यामुळे, बाइट मोजणाऱ्या साधनाला तोच शब्द सत्तावीस एकक लांब वाटतो. त्यामुळे मराठी शीर्षक ‘फार लांब’ असल्याची तक्रार आल्यास ते कापण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर निकाल प्रत्यक्ष कसा दिसतो ते पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. रुंदी पिक्सेलमध्ये मोजून दाखवणारी साधने या बाबतीत त्यातल्या त्यात बरी.

पानाच्या पत्त्याबाबतही हाच प्रकार घडतो. पत्त्यात ‘हापूस-आंबा’ असे देवनागरीत लिहिले तर ब्राउझर वाचकाला ते देवनागरीतच दाखवतो, पण आतून प्रत्येक घटकाचे टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांत रूपांतर होते आणि दोन छोट्या शब्दांचा तो तुकडा ८२ चिन्हांचा बनतो. पत्ता लांब आहे आणि त्यात रोमनेतर अक्षरे आहेत अशा दोन सूचना साधन तत्परतेने देते. वास्तविक वाचकाच्या भाषेतील शब्द पत्त्यात वापरण्यास गूगलची हरकत नाही, उलट तिच्या मार्गदर्शनात तो पर्याय सुचवलेलाच आहे. अडचण एवढीच की असा पत्ता निरोपात चिकटवला की कधीकधी टक्केचिन्हांची माळ दिसते आणि ती पाहून पाठवणारा माणूस बिचकतो. म्हणून रोमन अक्षरांतील आखूड पत्ता ठेवण्याचा निर्णय व्यवहार्य असू शकतो, मात्र जुन्या स्थळाचे चालू पत्ते केवळ अहवालातील लाल खूण घालवण्यासाठी बदलणे हा निव्वळ आततायीपणा होय, कारण त्यात आजवर जमलेले दुवे तुटण्याचा धोका असतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते शब्दांच्या मोजणीमुळे. अनेक साधने एक मुख्य शब्दप्रयोग मागतात आणि तो मजकुरात किती वेळा आला ते मोजून शाबासकी किंवा ताकीद देतात. इंग्रजी नामाचे रूप वाक्यात फारसे बदलत नसल्याने तेथे ही मोजणी ओबडधोबडपणे का होईना चालते. मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, ‘आंबा’चा ‘आंब्याचा’ होतो, आणि ‘हापूस’मधील दीर्घ ऊकार प्रत्यय लागताच ऱ्हस्व होऊन ‘हापुसाचा’ असे रूप बनते, म्हणजे शुद्धलेखनाचा नियम पाळणाऱ्या लेखकाच्या मजकुरात मूळ शब्दाची अक्षरे यंत्राला सापडतच नाहीत. हापुसाविषयीच सबंध लेख असूनही साधन ‘मुख्य शब्द आढळला नाही’ असे म्हणते, आणि ते खरे मानून कोणीतरी ‘आंबा ची पेटी’, ‘रत्नागिरी मध्ये हापूस आंबा ला मागणी’ अशी प्रत्यय तोडलेली वाक्ये रचू लागतो. महाजालावरील मराठीत ही तोडमोड आज जागोजागी दिसते. तिची इतर कारणेही असतील, पण यंत्राची मर्जी राखण्याचा हव्यास हे त्यांतील एक आहे, आणि ज्याच्यासाठी हे चालते त्या शोधयंत्राला अशा मर्जीची गरज उरलेली नाही. २०१९ मध्ये गूगलने शब्दांचा वाक्यातील संदर्भ लक्षात घेणारे बर्ट हे भाषा-प्रारूप शोधात वापरायला सुरुवात केली, आणि शब्दांचा अनैसर्गिक भडिमार तर गूगलच्या धोरणात गैरप्रकारांतच मोडतो.

याहून सूक्ष्म अडचण ‘शेतकऱ्यांसाठी’सारख्या शब्दांत दडलेली आहे. यातील अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो, एकात खाली बिंदू असलेल्या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडला जातो आणि दुसऱ्यात साध्या र-ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावले जाते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण अक्षरशः जुळणी करणाऱ्या साधनाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. एकाच स्थळावर निरनिराळ्या व्यक्ती निरनिराळ्या कळफलकांवरून मजकूर भरत असतील तर स्थळाच्या आतील शोधातही निम्मी पाने सापडत नाहीत, आणि त्याचे कारण कोणत्याच अहवालात छापून येत नाही.

युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या टंकांची, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या टंकांची, समस्या तर त्याहून मूलभूत आहे. या टंकांत मजकूर पडद्यावर मराठी दिसत असला तरी त्यामागे साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. योग्य टंक नसलेल्या संगणकावर तो उघडला की जी अगम्य अक्षरमाळ दिसते, तीच शोधयंत्र वाचते. अशा मजकुराचे पान ऑडिट साधनापुढे ठेवले तर शीर्षक आहे, वर्णन आहे, चित्रांना मजकूर आहे, दुवे नीट आहेत, सूचीची आडकाठी नाही, म्हणून सर्व कसोट्या पार पडून शंभरपैकी शंभर गुण मिळू शकतात, आणि तरीही एकाही मराठी शब्दाने ते पान शोधात सापडणार नाही. मजकूर निवडून साध्या टिपणवहीत चिकटवून पाहणे ही या दोषाची सर्वांत सोपी परीक्षा असून तेथे मराठी अक्षरे उमटली नाहीत तर इतर सर्व सुधारणा बाजूला ठेवून आधी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. सूचना, निकाल, दरपत्रके आणि जुने अंक चित्राच्या किंवा छायाप्रतीच्या रूपात चढवण्याची पद्धत याच घरातली. चित्रातील अक्षरे ओळखण्याचे तंत्र सुधारलेले असले तरी जोडाक्षरांनी भरलेल्या पुसट छायाप्रतीच्या बाबतीत त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, त्यामुळे चित्रासोबत तोच मजकूर टंकून दिलेला असावा.

दुव्यांवरील शब्दांच्या कसोटीतही भाषेची हीच मर्यादा आहे. निरर्थक दुवे ओळखण्यासाठी साधनाजवळ काही ठरावीक शब्दप्रयोगांची यादी असते आणि ज्या भाषेतील शब्द त्या यादीत नसतील त्या भाषेतील ‘अधिक वाचा’ बिनतक्रार सुटते. त्याचप्रमाणे पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेबाबत, जी तयार साच्यांमुळे पुष्कळ मराठी स्थळांवर इंग्रजीच राहिलेली असते, साधने गप्प बसतात, कारण खूण रीतसर लिहिलेली असते. गूगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते, त्या खुणेवरून नव्हे, त्यामुळे शोधातील क्रमाला यात बाधा येत नाही. पण दृष्टिहीन वाचकाची वाचनप्रणाली ती खूण पाहूनच आवाज निवडते आणि मराठी परिच्छेद इंग्रजी उच्चारांत वाचू लागते, म्हणून ती बदलणे अगत्याचे आहे.

पानाच्या वेगाविषयी अहवालांत सर्वाधिक जागा खर्च होते, येथे थोडक्यात सांगणे पुरे. गूगलच्या मापदंडांनुसार पानातील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा, वाचकाने बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान भरताना मजकुराची उडी ०.१ या मापाच्या आत राहावी, तेही किमान ७५ टक्के भेटींमध्ये. लाइटहाउस हा वेग एका मध्यम प्रतीच्या फोनचे आणि संथ जोडणीचे सोंग घेऊन मोजते, आणि दोन तपासण्यांत वेगळे आकडे येणे स्वाभाविक आहे. खऱ्या वाचकांच्या गेल्या २८ दिवसांतील अनुभवाचे आकडे, भेटी पुरेशा असल्यास, पेजस्पीड इनसाइट्स या साधनावर मिळतात आणि निर्णय शक्यतो त्यांवरून घ्यावा. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकांच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात, तेव्हा एकाच पानावर चार शोभिवंत टंक वापरण्याचा मोह मराठी स्थळांना अधिक महाग पडतो.

काही दुरुस्त्या निश्चिंतपणे मागे ठेवता येतात. लेख अमुक शब्दांहून कमी आहे, उपशीर्षकांची उतरंड चुकली आहे, पानावर दोन मुख्य मथळे आहेत, या तक्रारी दिसायला गंभीर असल्या तरी मजकुराची किमान किंवा कमाल शब्दसंख्या ठरलेली नाही आणि मथळ्यांच्या क्रमाने शोधातील स्थान बदलत नाही, असे गूगलच्या प्राथमिक मार्गदर्शिकेतच म्हटलेले आहे. वाचनप्रणाली वापरणाऱ्यांसाठी उतरंड नीट असावी, हे कारण मात्र स्वतंत्रपणे पुरेसे आहे. संरचित माहिती, म्हणजे किंमत, पत्ता, वेळ यांसारखे तपशील यंत्राला कळतील अशा ठरावीक नावांनी लिहिण्याची पद्धत, २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी स्कीमा डॉट ऑर्ग या नावाने सुरू केली आणि दुकानाला किंवा पाककृतीच्या पानाला तिचा उपयोग होतो. प्रश्नोत्तरांची संरचित माहिती जोडण्याचा आग्रह मात्र अनेक साधने जुन्या सवयीने धरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने अशा प्रश्नोत्तरांचे खास प्रदर्शन नामांकित शासकीय आणि आरोग्यविषयक स्थळांपुरते मर्यादित केले.

साधने विकणाऱ्या कंपन्या स्थळाला जे एकत्रित गुण देतात, ते त्या त्या कंपनीने ठरवलेल्या वजनांचे गणित असून शोधयंत्र ते पाहतही नाही. विनामूल्य ऑडिट करून देतो असे सांगत येणाऱ्या सेवादात्याच्या अहवालात शेकडो ‘गंभीर’ दोष निघतात, त्यांतील बहुतेक एकाच साच्यातील एक चूक प्रत्येक पानावर पुन्हा मोजल्याने झालेले असतात, आणि साचा एकदा दुरुस्त केला की ते सगळे एकदम नाहीसे होतात. अहवालातील प्रत्येक ओळीपुढे हा दोष वाचकाला भोवतो, शोधयंत्राला भोवतो की केवळ साधनाला खटकतो, असा प्रश्न लिहून पाहिल्यास यादी झपाट्याने आखूड होते.

दुरुस्ती झाल्यावर तेच साधन पुन्हा चालवून हिरवा रंग पाहणे ही तपासणीची केवळ पहिली पायरी. शोधयंत्राचा क्रॉलर पुन्हा येऊन बदल टिपेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात. गूगलच्याच सर्च कन्सोल या विनामूल्य सेवेत पत्ता टाकून पान सूचीत कोणत्या रूपात आहे हे पाहता येते आणि पुन्हा भेटीची विनंतीही करता येते. याच सेवेत, लोकांनी कोणते शब्द टंकले असता पान निकालात दिसले, किती वेळा दिसले आणि किती वेळा त्यावर क्लिक झाले, याची मागील १६ महिन्यांची नोंद असते. मराठी स्थळाच्या मालकाला ती चकित करू शकते, कारण त्याचा वाचक तोच शब्द देवनागरीत, रोमन लिपीत, ऱ्हस्व-दीर्घाच्या निरनिराळ्या चुकांसह आणि कधी इंग्रजीतून टंकत असल्याचे तिथे दिसते, आणि पुढच्या शीर्षकासाठी याहून चांगला आधार कोणतेही साधन देत नाही. मालच हंगामी असेल तर मात्र फेब्रुवारीत दुरुस्ती करून एप्रिलमधील वाढ तिच्या खात्यावर जमा करणे चूक ठरते, कारण आंब्याचा शोध त्या काळात एरवीही वाढतोच. १६ महिन्यांची नोंद असल्यामुळे यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशी ताडून पाहणे शक्य होते. त्या तुलनेत पान निकालात पूर्वीपेक्षा जास्त वेळा दिसू लागले पण क्लिक तेवढेच राहिले, तर शीर्षक आणि वर्णन पुन्हा लिहावे; क्लिक वाढले आणि पेट्यांची मागणी वाढली नाही, तर पानावर दर, पाठवणीची तारीख किंवा दूरध्वनी क्रमांक यांपैकी काय सापडत नाही ते तपासावे.